पिनकोडाची भाषा आणि छपरावरची डिश

ज्या दिवशी आमच्या टीव्हीचा रिचार्ज संपला, त्या संध्याकाळी मी कोर्टातून घरी आलो तेव्हा आई काळ्या पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर एक सूचना होती आणि ती इंग्रजीत होती. आईने विचारले, ‘‘सह्याद्री पण गेलं काय रे?’’

गेले होते. सह्याद्री ही प्रसार भारतीची, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारी वाहिनी. तिच्यासाठी देशात कोणीही वर्गणी मागत नाही. तरीसुद्धा एका खासगी कंपनीचे पैसे भरायचे राहिले म्हणून सरकारी वाहिनीही आमच्या घरातून नाहीशी झाली. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिने हिंदीत सांगितले की, आपला पत्ता कर्नाटकातला आहे, म्हणून आपल्याला कर्नाटकाचा पॅक लागू होतो. मराठी वाहिन्या हव्या असतील तर त्या वेगळे पैसे देऊन जोडून घ्याव्या लागतील. मी विचारले, ‘‘माझी भाषा तुम्ही कशावरून ठरवलीत?’’ ती म्हणाली, ‘‘पिनकोडवरून.’’

या उत्तरात त्या मुलीचा काही दोष नाही. तिच्यासमोरच्या यंत्रात जे होते ते तिने वाचून दाखवले. पण गेली तीसेक वर्षे वकिली करताना भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी मी जे अर्ज, जी निवेदने लिहिली, त्या सगळ्यांचे उलट टोक मला त्या एका शब्दात सापडले. राज्याची सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी कागदावर आखली गेली. ती सीमा आता आमच्या बैठकीच्या खोलीतून जाते, आणि ती तेथून नेण्यासाठी दरमहा पैसे आम्हीच भरतो.

म्हणून या लेखात मी एक साधी गोष्ट मांडणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी येथील, तसेच गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी वर्गणीची दूरचित्रवाणी बंद करावी आणि प्रसार भारतीची विनावर्गणी सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश, घरावर बसवावी. पैसे वाचतात हे त्याचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण भाषेचे आहे.

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण त्यातच भाषेचा हिशेब दडलेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ साली नवी दरव्यवस्था काढली आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून ती घरोघरी लागू झाली. तिच्यात दोन प्रकारचे पैसे होते. एक, सशुल्क वाहिन्यांची किंमत. दुसरे, वाहिन्या तुमच्या घरापर्यंत आणून देण्याचे भाडे. हे भाडे पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले १,८४० रुपये ८० पैसे. पुढे २०२४ मध्ये या भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली.

आता बारकाईने पाहा. हे भाडे विनामूल्य वाहिन्यांनाही लागू होते. तुम्ही एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही, केवळ सह्याद्री पाहिली, तरी भाडे द्यावेच लागते. सह्याद्री फुकट, पण सह्याद्रीकडे जाणाऱ्या दाराला टोल. आईच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एवढेच आहे.

त्याच दरव्यवस्थेने ग्राहकाला एक चांगला हक्कही दिला होता : प्रत्येक वाहिनी सुटी, एकेक करून निवडण्याचा. कागदावर हा हक्क आजही आहे. व्यवहारात मात्र आपल्यासमोर पॅक ठेवला जातो, आणि पॅक राज्यावर बेतलेला असतो. निपाणीच्या घराला कर्नाटकाचा, बडोद्याच्या घराला गुजरातचा, इंदूरच्या घराला हिंदी पट्ट्याचा. कोणी मुद्दाम द्वेषाने हे करतो असे मी म्हणत नाही. व्यापाऱ्याला बहुसंख्य ग्राहक दिसतो आणि तो त्याच्यासाठी दुकान मांडतो. परंतु परिणाम असा होतो की, राज्याची भाषा मूळ किमतीत मिळते आणि घराची भाषा जादा पैसे देऊन. ज्या घरात दरमहा पन्नास-शंभर रुपयांचा विचार करावा लागतो, त्या घरात मग ‘राहू दे, आहे ते बघू’ असे म्हटले जाते. भाषा अशीच जाते. कोणी बंदी घालत नाही, कोणी फलक उतरवत नाही. एका महिन्यात जोड-पॅकचा रिचार्ज करायचा राहतो आणि पुढच्या महिन्यात कोणाला त्याची आठवणही होत नाही.

फलकांचा उल्लेख आला म्हणून आपल्याच माणसांना चार शब्द सुनावले पाहिजेत. तालुक्यात किंवा गावात भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पंधरा टक्के वा त्याहून अधिक असेल तर महत्त्वाच्या सूचना, नियम, परिपत्रके त्यांच्या भाषेतही मिळाली पाहिजेत, हे तत्त्व घेऊन आपण कित्येक वर्षे जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मी स्वतः त्या निवेदनांचे मसुदे केले आहेत. पण कचेरीतून घरी परतल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घेऊन आपण किती मिनिटे मराठी ऐकतो? संविधानाचे कलम २९ आपल्याला आपली भाषा जतन करण्याचा हक्क देते. हा हक्क बजावण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. आपण तो बजावत नाही, हे आपले पाप आहे. ते सरकारच्या खात्यावर टाकून चालणार नाही.

आता फ्री डिशविषयी. ही सेवा प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केली. योगायोग असा की, महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तेही २००४ हेच वर्ष. दावा अजून प्रलंबित आहे. त्याचा निकाल तुमच्या-माझ्या हातात नाही. दुसरी गोष्ट मात्र तेव्हापासून आपल्या हातात आहे आणि आपण तिच्याकडे वळूनही पाहिले नाही.

तिची रचना सोपी आहे. छपरावर एक लहान डिश, तिच्या तोंडाशी लहरी पकडणारा एलएनबी, तेथून खाली येणारी वायर आणि टीव्हीशेजारी एक बॉक्स. हा सगळा खर्च एकदाच करायचा. आमच्या भागात तो दीड-दोन हजारांच्या घरात जातो. म्हणजे वर सांगितलेले वर्षाचे भाडे वाचले की, खर्च जवळपास भरून आला. बॉक्स घेताना तो एमपेग-४ प्रकारचा आहे ना हे दुकानदाराला विचारून घ्यावे. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. पुढे दरमहा काही नाही. रिचार्ज नाही, म्हणून तो संपणेही नाही. ग्राहक क्रमांक नाही, पत्ता नाही, आणि पिनकोडही नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या वाहिन्या ज्या उपग्रहावरून येतात तो जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर आहे. बेळगावच्या छपरावरची डिश त्याच्यासाठी आग्नेयेकडे वळवावी लागते. बडोद्याची, इंदूरची, हैदराबादची, पणजीची डिशही थोड्याफार फरकाने आग्नेयेकडेच वळते. आणि या सर्व छपरांवर उतरणारी वाहिन्यांची यादी एकच असते. कोल्हापूरला जे दिसते तेच निपाणीला दिसते. ज्या राज्य पुनर्रचनेने या दोन गावांना वेगळे केले, तिची खबर त्या उपग्रहाला नाही.

येथे काही जण आक्षेप घेतील, आणि ते आक्षेप मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप खरा आहे. ज्या मराठी वाहिन्यांवरच्या मालिका आपल्याकडच्या बायका-पुरुष रोज संध्याकाळी पाहतात, त्या प्रमुख सशुल्क वाहिन्या फ्री डिशवर मिळत नाहीत. सह्याद्री नेहमी मिळते; तिच्याबरोबर काही खासगी मराठी वाहिन्या असतात, पण त्या कोणत्या हे वर्षावर्षाला बदलते. माझ्या आईने पहिले दोन महिने मला रोज ऐकवले की, तू माझी मालिका तोडलीस. मी तिला फसवले नाही, तुम्हालाही फसवणार नाही : काही गोष्टी सोडाव्या लागतात. पण पॅकच्या घरातही त्या मालिका जादा पैशांवर टिकून होत्या, आणि रिचार्ज चुकला की त्यांच्याबरोबर सगळेच मराठी जात होते. फ्री डिशवर जेवढे मराठी आहे तेवढे रिचार्ज चुकला म्हणून जात नाही. ज्यांना मालिका सोडणे शक्य नाही त्यांनी निदान सुट्या वाहिन्या निवडण्याचा आपला हक्क लेखी मागावा. आणखी एक लक्षात ठेवावे. केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन अधिनियम १९९५ च्या कलम ८ प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलचालकावर बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे सह्याद्री येत नाही’ असे कोणी सांगितले तर त्याला हे कलम दाखवावे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे आणि तो उघडपणे कोणी बोलत नाही. फ्री डिश म्हणजे गरिबांची, खेड्यातली, वीटभट्टीवरच्या झोपडीवरची. आमच्या कॉलनीत डिश बसवणारा मुलगा शिडी लावून चढला तेव्हा शेजारच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला विचारले, ‘‘वकीलसाहेब, बरं चाललंय ना?’’ त्यांना माझ्या वकिलीची काळजी वाटली. मी त्यांना सांगितले की, देशातल्या चार कोटींहून अधिक घरांवर ही डिश असल्याचा अंदाज आहे, आणि त्या घरांत जे सार्वजनिक प्रसारण पोहोचते ते माझ्याच करातून चालते. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक वाचणाऱ्याला आपण भिकारी म्हणत नाही. मग सार्वजनिक प्रसारण पाहणाऱ्याला का म्हणावे?

तिसरा आक्षेप तरुणांचा : टीव्ही आता पाहतो कोण, सगळे फोनवर मिळते. मिळते खरे. पण फोन एकट्याचा असतो आणि टीव्ही घराचा. मूल भाषा शिकते ते शिकवण्यातून थोडे आणि कानावर पडण्यातून फार. आजी बातम्या ऐकते, नातू जमिनीवर बसून गाड्या फिरवतो, आणि ‘अवर्षण’, ‘तहकूब’, ‘पाणलोट’ असे शब्द कोणी न समजावता त्याच्या कानात जाऊन बसतात. ज्या मुलांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यांना घरच्या बोलीपलीकडचे मराठी ऐकायला मिळण्याची ही कदाचित एकमेव जागा उरली आहे. फोनवर प्रत्येकाच्या कानात वेगवेगळी बोंडे असतात. तेथे कानावर पडणे हा प्रकारच नाही.

चौथा आक्षेप आमच्या कन्नड मित्रांच्या बाजूने येऊ शकतो की, हा कन्नडविरोध आहे. तसे मुळीच नाही. मी न्यायालयात कन्नडमध्ये उलटतपासणी घेतो. आमच्या घरात आक्का आहेत, अण्णा आहेत, आणि हे शब्द कोठून आले हे आम्हाला ठाऊक आहे. फ्री डिशवर कन्नडची चंदना वाहिनीही त्याच यादीत असते आणि आमच्याकडे ती लावली जाते. शेजाऱ्याची भाषा शिकणे हा आनंद आहे. शेजाऱ्याची भाषा मूळ दरात आणि आपली भाषा जादा दरात ही विभागणी मात्र शेजाऱ्याने केलेली नाही. ती बाजाराने केली आहे, आणि माझा वाद बाजाराशी आहे.

आता त्या वादाचा उत्तरार्ध. फ्री डिश घेऊन आपण स्वस्थ बसलो तर हा लेख वाया गेला असे मी समजेन. कारण फ्री डिशवरही मराठी पूर्ण सुरक्षित नाही. तेथील खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती ई-लिलाव करते. हिंदी मनोरंजनाच्या वाहिन्या सर्वांत महागड्या गटात मोडतात, कारण त्यांना प्रेक्षक आणि जाहिराती सर्वाधिक. प्रादेशिक भाषांच्या वाहिन्या आपल्या बाजारपेठेच्या ताकदीवर बोली लावतात. ज्या वर्षी बोली परवडली नाही, त्या वर्षी वाहिनी गेली. म्हणजे वर्गणीच्या पॅकमध्ये आपली भाषा पिनकोडावर अवलंबून होती, येथे ती लिलावावर अवलंबून आहे. लिलावात जावे न लागणारी एकच मराठी वाहिनी आपल्याजवळ आहे, ती सह्याद्री.

याबाबत कायदा आपल्या बाजूने बोलतो, आणि तो वाचण्याचे काम आपण केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. प्रसार भारती अधिनियम १९९० चे कलम १२ त्या महामंडळाची उद्दिष्टे सांगते. त्यांत देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे आहे, अल्पसंख्याकांच्या विशेष गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम देणे आहे, आणि प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांमधून प्रादेशिक प्रसारण पोहोचवणे सुलभ करणे आहे. वकिलाला शब्द मोजायची सवय असते. तेथे ‘भाषांमधून’ असे अनेकवचन आहे, आणि ‘राजभाषा’ हा शब्द तेथे नाही. कर्नाटकात बोलल्या जाणाऱ्या भाषांत मराठी आहे, गुजरातमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषांत मराठी आहे, तेलंगण व मध्य प्रदेशातही आहे. गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा कायद्यातच शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. या कलमाचा मी लावलेला अर्थ न्यायालयात टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. पण कोणी तो मांडलाच नाही तर टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली : संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील प्रत्येक भाषेसाठी फ्री डिशवर काही जागा लिलावाबाहेर, ठरावीक दराने राखून ठेवाव्यात. दुसरी : सह्याद्रीवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजांसाठी रोज नेमून दिलेली वेळ असावी, आणि तीत बेळगाव, पणजी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथील बातम्या तेथील माणसांच्या तोंडून याव्यात. बेळगावचा माणूस ‘काय करूलालास?’ असे म्हणतो. बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा, इंदुरीला हिंदीचा स्वर आहे. ही सगळी मराठीच आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पन्नास वर्षे उलटून गेल्यावर तरी मराठीचा हा पूर्ण आवाका पडद्यावर यायला हवा.

मागणी करताना एक अडचण ध्यानात घ्यावी. फ्री डिश घेणाऱ्याची कोठेही नोंद होत नाही. ग्राहक क्रमांक नसणे ही तिची सोय आहे, तशीच ती तिची उणीवही आहे. आपण घरावर डिश लावली, सह्याद्री पाहिली, तरी दिल्लीत कोणाला कळणार नाही की, खानापूर तालुक्यातल्या एका घरात मराठी पाहिली जाते. आपण आपणहून सांगितल्याखेरीज आपण मोजले जाणार नाही.

तेव्हा डिश बसवा आणि त्याच आठवड्यात एक पत्र लिहा. एक प्रत प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, एक सह्याद्री वाहिनीच्या मुंबई केंद्राला, आणि एक कलम ३५०-ब खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. पत्र मराठीत लिहा. तीन ओळी पुरेत. आमच्या घरात इतकी माणसे आहेत, आम्ही मराठी बोलतो, आम्हाला या दोन गोष्टी हव्यात. खाली सही करा, आणि सहीखाली पिनकोड न चुकता लिहा. ५९०००१ बेळगाव. ४०३००१ पणजी. ४५२००१ इंदूर. ४७४००१ ग्वाल्हेर. ३९०००१ बडोदा. ५००००१ हैदराबाद. ज्या आकड्यावरून आमची भाषा परस्पर ठरवली गेली, त्याच आकड्यासमोर या वेळी आमच्या हाताने ‘मराठी’ असे लिहिलेले त्यांना वाचू द्या.

माझे पत्र गेल्या सोमवारी टपालात पडले. त्यावर दोन सह्या आहेत. दुसरी आईची आहे. सही करताना तिने विचारले, ‘‘माझ्या मालिकेचं पण लिहिलंस काय?’’ पहिल्या मागणीवर बोट ठेवून मी तिला म्हटले, ‘‘लिहिलंय.’’